डेनिस गिल्की कुठून आला?

“निसर्ग कधीतरी एकाच कवटीत गरुडाची नजर, शिकारी कुत्र्याचं नाक आणि न्यायाधीशाची तटस्थता एकत्र ठेवतो. अशी कवटी आमच्या जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझ्या मानेवर आहे.”

कर्नल लॅनिअर प्रूइट यांनी हे मला टाइप करायला सांगितलं आणि मी केलं. गिल्की प्रकरणाच्या अहवालाची ही सुरुवात होती. तपास तेव्हा सुरूही झाला नव्हता. पण सुरुवात आणि शेवट आधी लिहून ठेवावेत आणि पुरावा मधल्या जागेत बसेल तेवढाच घ्यावा, अशी त्यांची शास्त्रीय पद्धत आहे.

कर्नल कधीही सैन्यात नव्हते. ते गालिचे विकत. एका वर्षी विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं त्यांना ‘विक्री-कर्नल’ केलं. त्यातली विक्री पुढे गळून पडली आणि कर्नल उरले. निवृत्त झाल्यावर त्यांनी चपलांच्या दुकानावर एक खोली घेतली आणि दारावर पाटी लावली: ‘पूर्वज शोधून मिळतील’. दक्षिण कॅरोलिनात या धंद्याला मरण नाही. इथं प्रत्येकाला आपला खापरपणजोबा उमराव होता अशी शंका असते आणि ती कुणीही दूर करू नये अशी इच्छा असते.

मी व्हर्ना कॅथी. जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते. नळाच्या पाण्यात काय आहे आणि काय नाही एवढंच सांगायचं माझं काम होतं. निवृत्तीनंतर कर्नलांची सहायक झाले, कारण त्यांच्या खोलीत वातानुकूलन चांगलं आहे.

प्रकरण असं होतं. आमच्या हॅगर्स बेंड गावात कोल्ड स्प्रिंग नावाचं जुनं प्रेस्बिटेरियन चर्च आहे. मागे स्मशानभूमी, तिला दगडी भिंत. हा मुलुख इंग्लंडच्या राजाचा होता त्या काळात आयर्लंडहून येऊन ज्यांनी चर्च स्थापन केलं, त्यांच्या वंशजांना भिंतीच्या आत पुरतात, बाकीच्यांना बाहेर. भिंत ज्या गुलामांकडून बांधून घेतली ते बाहेरही नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांच्यावर दगड नाही, आणि समितीच्या मते दगड नाही तिथं माणूस नाही. मी मेथडिस्ट पंथाची. आम्हाला कुठंही पुरतात.

हॉइट गिल्की हिवाळ्यात वारला. आयुष्यभर दर शनिवारी त्यानं भिंतीच्या आतलं गवत कापलं होतं, आणि झऱ्याच्या बाजूच्या ओकखालची जागा स्वतःसाठी पसंत करून ठेवली होती. त्याची बायको ओपल ती मागायला समितीकडे गेली. समितीच्या अध्यक्ष मार्गरीट लॅटिमोर. ओपल आणि त्या एका बाकावर बसून शाळा शिकल्या, तेव्हापासून त्या ओपलला ‘बिचारी’ म्हणतात, आणि इतक्या गोडीनं म्हणतात की ऐकणाऱ्याला दात शिवशिवल्यासारखं वाटतं.

आत गिल्कींचा एक दगड आहे, अर्धा जमिनीत गेलेला, शेवाळलेला. त्यावर कोरलंय: ‘डेनिस गिल्की. डोनेगलहून बायकोमुलांसह इथे आला.’ ओपलला वाटलं, एवढं पुरे. मार्गरीटबाईंचं म्हणणं पडलं की दगडावर काय, कुणीही काहीही कोरतं. आयर्लंडमध्ये डोनेगल परगण्यात त्याचे आईवडील कोण होते, भाऊबंद कोण होते, ते दाखव. समुद्रापलीकडचं घराणं सापडलं तर हॉइट आत, नाहीतर बिचारा बाहेर. भिंतीच्या आत जागा थोड्या उरल्या होत्या आणि मार्गरीटबाईंना नातवंडं बरीच होती, याचा आणि नियमाचा काही संबंध नव्हता, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

मुदत मिळाली ती होमकमिंगच्या रविवारपर्यंत. त्या दिवशी गाव सोडून गेलेले सगळे चर्चला परत येतात आणि प्रार्थनेनंतर झाडांखाली जेवणं होतात. निकाल तिथंच जाहीर व्हायचा होता.

ओपल आमच्याकडे आली तेव्हा कर्नलांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. पाठ दाखवून बोललं की गिऱ्हाइकावर छाप पडते असं त्यांना वाटतं. त्यांनी पहिली अट घातली ती गुप्ततेची. डोनेगल हा शब्द घरात, नातेवाइकांत, फोनवर, कुठंही उच्चारायचा नाही. दुसरं कुणी घराणं त्याच डेनिसवर हक्क सांगायला टपलेलं असू शकतं. बिचारी ओपल, म्हणजे साधी ओपल, घाबरून हो म्हणाली आणि त्या दिवसापासून डोनेगलला ‘तिकडे’ म्हणू लागली.

तपासाचा पहिला महिना वाचनालयात गेला. आयर्लंडच्या चर्चमधल्या बारशांच्या नोंदी कर्नलांनी चाळल्या. डेनिस गिल्की सापडला नाही.

“उत्तम,” कर्नल म्हणाले. “म्हणजे त्यानं नाव बदललं.”

मी म्हटलं, किंवा त्याचं बारसं तिथं झालंच नसेल.

“मिस व्हर्ना, साधा माणूस नाव कशाला बदलेल? हा उमराव होता. राजद्रोहाच्या आरोपातून निसटलेला. दगडावरचा तो पंखवाला ससाणा पाहिलात? ते राजचिन्ह आहे.”

मी एक मऊ ब्रश आणि पाणी घेऊन गेले आणि दगड साफ केला. ससाण्याला गाल निघाले, मग नाक. तो पंख असलेला बाळाचा चेहरा होता. त्या काळचा पाथरवट सगळ्यांच्याच दगडावर तो कोरायचा, शेजारच्या ओळीत तेच बाळ रांगेनं आहे. कर्नलांना सांगितलं तर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की मग आसपासचे सगळेच उमराव होते, प्रकरण वाटलं त्याहून मोठं आहे.

प्रयोगशाळेत आम्ही शिसं शोधायचो. पाण्यात शिसं सापडलं नाही तर लिहायचं, ‘शिसं नाही’. कर्नलांनी लिहिलं असतं, ‘शिसं अत्यंत धूर्त आहे’.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी जहाजांच्या प्रवासी-याद्या घेतल्या. आयर्लंडहून चार्ल्सटन बंदरात आलेल्या प्रवाशांत डेनिस नव्हता. म्हणून तो लपून आला, असं ठरलं. मी विचारलं, बायकोमुलांसह?

“पिंपात.”

“सगळे?”

“मोठं पिंप,” कर्नल म्हणाले आणि त्याचं चित्र काढायला बसले.

तिसऱ्या महिन्यात मात्र खरोखर एक डेनिस सापडला. आयर्लंडमधल्या डोनेगलचाच, गिल्कीच, सालही जुळत होतं. अडचण एकच होती. तो चौथ्या वर्षी वारला होता.

“बनावट मरण,” कर्नल हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“चार वर्षांचं पोर होतं ते.”

“म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही.”

या मधल्या काळात मी ओपलकडे जात असे. तपासाची प्रगती सांगायची असायची, पण सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसे. हॉइटची रक्षा एका कॉफीच्या डब्यात होती आणि डबा फ्रिजवर होता. तो फ्रिज थरथरला की डबा थोडा पुढे सरकायचा आणि ओपल उठून त्याला मागे ढकलायची.

एकदा तिनं तो खाली घेतला, फडक्यानं पुसला आणि मांडीवर ठेवला. “बाहेर पुरायची मला लाज नाही वाटत, व्हर्ना. माझी आई बाहेरच आहे, छान आहे तिथं. पण मी त्याला शब्द दिलाय. दवाखान्यात. तो बोलू शकत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, ओकखाली ना? नेते तुला. आता कसं काय सांगू त्याला, की समिती नाही म्हणते?”

तिची सून जेनेल तेव्हा ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती. उत्तरेकडची मुलगी. पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांची. मुलानं तिला लग्न करून आणलं त्याला बरीच वर्षं झाली, तरी हॅगर्स बेंडमध्ये ती अजून ‘ती उत्तरेकडची’ होती. जेवणाला काकवी भरून भाजलेली गोड पाई करून आणायची आणि लोक ती बशीच्या कडेला सरकवून ठेवायचे. तिनं एकदा विचारलं, आई, हे ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे? ओपलनं माझ्याकडे पाहिलं. कर्नलांची अट आठवून आम्ही दोघी शेंगांकडे पाहू लागलो. जेनेलला सवय होती. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

मग कर्नल स्वतः आयर्लंडला गेले. ज्येष्ठ नागरिकांच्या बस-सहलीतून गेले असले तरी निरोप घेताना त्यांनी मला सांगितलं की आपण वेषांतर करून जात आहोत. वेषांतर म्हणजे टोपी होती. तिथं डोनेगलला ते ज्या घरात उतरले त्याच्या मालकीणबाई ब्रीज हार्किन यांना त्यांनी खोदून खोदून विचारलं. गिल्की नावाचं इथं आता कुणी नाही, पूर्वी होतं का ते मला माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी कंटाळून त्यांनी जे सांगितलं ते कर्नलांनी मला जसंच्या तसं टाइप करायला लावलं, कारण त्यात सांकेतिक अर्थ आहे असा त्यांना संशय होता: “दर उन्हाळ्यात तुमच्याकडची माणसं आजोबा शोधायला येतात. आजोबा सापडत नाहीत. छत्र्या तेवढ्या इथं राहतात.”

कर्नलांची छत्री तिथंच राहिली. येताना त्यांनी एका बरणीत माती आणली. डेनिसच्या वाडवडिलांची भूमी, म्हणाले, समितीपुढे ठेवू. मी चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. तिच्यात पांढरे हलके मणी होते आणि सावकाश विरघळणारं खत होतं. नर्सरीत पिशवीतून मिळते ती माती होती ही. फार खोदून विचारल्यावर कर्नलांनी कबूल केलं की बाहेर पाऊस होता आणि कुंडी दाराशीच होती.

“पण यातून एक गोष्ट सिद्ध होते,” ते म्हणाले. “घराणं बागायतदार होतं.”

होमकमिंगचा रविवार आला. चर्चमध्ये आम्ही लॅटिमोर घराण्यानं दिलेल्या रंगीत काचेच्या खिडकीखाली बसलो. तिच्यात आयर्लंडमधल्या डेरी शहराची तटबंदी आहे आणि खाली लिहिलंय, ‘आम्ही तिथून आलो’. प्रार्थना झाली. बाहेर झाडांखाली लांब टेबलं मांडली होती: तळलेली कोंबडी, मसाला भरलेली अंडी, मक्याची भाकरी, केळ्याचं पुडिंग, बर्फ घातलेला गोड चहा. जेनेलची काकवीची पाई टेबलाच्या टोकाला होती, आणि टोकाच्या आसपास कुणी नव्हतं. ओपलनं डबा पर्समध्ये घालून आणला होता. पर्स बंद होत नव्हती.

मार्गरीटबाई उठल्या. दुःखद कर्तव्य वगैरे म्हणाल्या. मग कर्नलांना पुरावा मांडायला सांगितलं.

कर्नलांनी पाऊण तास मांडला. राजद्रोही उमरावानं चौथ्या वर्षी मरणाचं सोंग केलं, बागायती केली, लग्न केलं आणि मोठ्या पिंपातून चार्ल्सटनला उतरला, अशी ती हकीकत होती. बरणी हातोहात फिरली. एका आजीबाईंना वाटलं दाणेदार कॉफी आहे, त्यांनी वास घेतला. कोंबडी गार होत चालली होती, आणि कोंबडी गार होणं आमच्याकडे फार गंभीर मानतात.

“थोडक्यात,” कर्नल म्हणाले, “डोनेगलचं गूढ हे असं आहे.”

“कुठलं डोनेगल?” टेबलाच्या टोकाकडून जेनेलनं विचारलं.

कर्नल दयाळूपणे हसले. “जगात डोनेगल एकच आहे, पोरी.”

“दोन तरी आहेत,” जेनेल म्हणाली. “एकात मी शाळेला जात होते.”

टेबलांवरची सगळी डोकी तिच्याकडे वळली.

जेनेल गोंधळली. तिला वाटलं आपण काहीतरी गैर बोललो, म्हणून ती भराभर सांगत सुटली. आमच्याकडे सस्क्वेहाना नदीकाठी डोनेगल आहे, आयरिश लोकांनी वसवलं म्हणून त्यांनी आपल्या जुन्या परगण्याचं नाव दिलं, आणि पुढं त्यांची मुलंनातवंडं गाड्या जुंपून दक्षिणेला, इकडं कॅरोलिनात आली, हे आम्हाला चौथीत होतं. “तुम्हाला नव्हतं?” तिनं विचारलं. आम्हाला चौथीत गुलामांच्या मालकांचे पुतळे होते. “आणि गिल्की ना? आमच्या आजीच्या घरामागच्या रस्त्याचं नाव गिल्की रस्ता आहे. मला वाटायचं लग्न होऊन गिल्की झाले हा योगायोग आहे. आई, ‘तिकडे’ म्हणजे डोनेगल होतं? मग मला सांगायचं नाही का?”

ओपलनं कर्नलांकडे पाहिलं. कर्नल बरणीकडे पाहत होते.

जेनेलनं आईला फोन लावला. तिची आई बागेत होती, तशीच चालत जुन्या चर्चच्या मागे गेली. आम्हाला तिचे पाय गवतात वाजल्याचं ऐकू येत होतं. तिथं गिल्कींची ओळच आहे, ती म्हणाली. मग तिनं एका दगडाचा फोटो पाठवला. रॉबर्ट गिल्की आणि त्याची बायको, आणि खाली त्यांची इथंच जन्मलेली मुलं. शेवटचं नाव: ‘डेनिस, कॅरोलिनास गेला’. रॉबर्ट स्वतः आयर्लंडमधून कुठून आला, ते त्या दगडाला माहीत नव्हतं. वरती तेच गालवालं बाळ होतं, पंखांसकट.

पूर्वज पूर्वेकडून, समुद्रावरून आले असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते उत्तरेकडून, रस्त्यानं आले होते.

“म्हणजे,” मार्गरीटबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुडिंगसारखा मऊ झाला, “डेनिस आयर्लंडचा नव्हताच. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला. बापाचा ठिकाणा नाही. बिचारी ओपल. नियम स्पष्ट आहे गं, मी काय करू? आमच्यासारखं असतं तर गोष्ट वेगळी. आमच्या मूळपुरुषाच्या दगडावर स्वच्छ लिहिलंय, ‘डेरीहून आला’.”

जेनेलचा चेहरा उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच तिला कुणाशी तरी काहीतरी जुळल्यासारखं वाटलं असावं.

“डेरी? अय्या, मग तुम्ही आमच्या शेजारच्याच. डोनेगलहून गाडीनं अर्ध्या तासावर. तिथं चॉकलेटचा कारखाना आहे, सगळ्या गावाला चॉकलेटचा वास येतो.”

सगळ्यांच्या नजरा चर्चच्या खिडकीकडे गेल्या. त्या तटबंदीत आता धुराडं शोधल्याशिवाय कुणाला राहवत नव्हतं.

समितीतले हॅमंडसाहेब घसा खाकरून म्हणाले की आमच्या दगडावर टायरोन लिहिलंय, तोही आयर्लंडचाच परगणा.

“माझी मोठी बहीण टायरोनलाच दिलीय,” जेनेल म्हणाली.

“अँट्रिम?” कुणीतरी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

“आमचे दातांचे डॉक्टर तिथले.”

यावर ओपल पहिल्यांदा बोलली. पर्स दोन्ही हातांनी धरून शांतपणे म्हणाली, “मार्गरीट, पुरावा तुमच्याकडेही असेलच की. समुद्रापलीकडचा. आईवडील, भाऊबंद. तू मला मागितलास तसा.”

समिती चर्चमधल्या मागच्या खोलीत गेली. यापूर्वी छपराच्या रंगावर निर्णय घ्यायला या समितीला दोन हिवाळे लागले होते. या वेळी लोकांचं पुडिंग संपायच्या आत ती बाहेर आली. मार्गरीटबाईंनी निर्णय वाचला: नियमातला ‘आयर्लंड’ हा शब्द भूगोलाच्या नव्हे तर भावनेच्या अंगानं घ्यायचा असतो, आणि समितीनं तो नेहमी तसाच घेतलेला आहे. भावनेच्या अंगानं हॉइट गिल्की आत येतो. याखेरीज, उपस्थितांनी आज चॉकलेटबद्दल जे ऐकलं ते बाहेर बोलू नये.

ओपलनं पर्सवरचे हात सैल केले. मला वाटलं ती रडेल. तिनं जेनेलच्या पाईचा मोठा तुकडा कापून घेतला, उभ्यानंच सगळा खाल्ला आणि मग रडली.

परतीच्या वाटेवर, गाडी चपलांच्या दुकानापाशी आल्यावर कर्नल म्हणाले, “मिस व्हर्ना, लिहून घ्या. डेनिस आयर्लंडला सापडणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिथं गेलो ते केवळ खात्री करून घ्यायला.” मी लिहून घेतलं. अहवालाची सुरुवात त्यांनी बदलली नाही. मधला भाग गाळला.

हॉइटला पुढच्या शनिवारी पुरलं. गवत वाढलं होतं, कारण ते कापणारा डब्यात होता. ओपलच्या मुलानं खड्डा खणला, जेनेलनं डबा धरला, आणि ओपलनं तो स्वतः गुडघ्यावर बसून खाली ठेवला. त्याच्याशी काहीतरी बोलली, ते आम्ही ऐकलं नाही. मग मार्गरीटबाई पुढे आल्या. मोत्यांची माळ, काळे हातमोजे, सगळं यथास्थित. त्यांनी ओपलच्या खांद्यावर हात ठेवला.

“शेवटी आपल्या माणसांत आला गं,” त्या म्हणाल्या.

ओपल गुडघ्यावरची माती झटकत उठली. “हो ना,” ती म्हणाली. “सगळी आमच्या जेनेलच्या माहेरची.”